दोन घोटांत चेहरा लाल होतो? गोळी मागण्याआधी या तपासण्या करा

औषधांच्या काउंटरमागे उभं राहणाऱ्याला एक मागणी पुन्हा पुन्हा ऐकू येते. "प्यायलं की तोंड लालबुंद होतं. आधी घेऊन ठेवायला एखादी गोळी द्या." मागणाऱ्याला त्रासापेक्षा चारचौघांत दिसण्याची काळजी जास्त असते, आणि ती समजण्यासारखी आहे. तरीही मी गोळी काढण्याआधी प्रश्न विचारतो. ही लाली एकाच कारणाने येत नाही, आणि तिच्या सगळ्यात मोठ्या कारणात गोळीने नुकसानच होतं. मी हे प्रश्न ज्या क्रमाने विचारतो त्याच क्रमाने इथे लिहितो आहे. पैसा लागत नाही ते आधी, प्रयोगशाळा शेवटी.

आधी लक्षणं नीट पाहा

नुसतं "लाल होतो" म्हटल्याने काही कळत नाही. किती प्यायल्यावर होतं, किती मिनिटांत होतं, कुठे होतं आणि सोबत आणखी काय होतं, हे सांगता आलं पाहिजे.

सगळ्यात ठळक प्रकार असा: अर्धा ग्लास बिअर किंवा छोटासा पेग पोटात गेला की पाच ते पंधरा मिनिटांत चेहरा, कान आणि मान तापते. डोळे लाल होतात, छाती धडधडते, डोकं ठणकतं, मळमळतं, कधी झोप अनावर होते. काहींना छाती-पाठीपर्यंत चट्टे येतात. प्रमाण कितीही थोडं असलं तरी होतं आणि दर वेळी होतं.

याहून वेगळी लाली म्हणजे बरंच प्यायल्यावर गाल हळूहळू गुलाबी होणं आणि अंग गरम वाटणं. मद्याने त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथे रक्त जास्त येतं. हे कमी-अधिक प्रमाणात कुणालाही होतं. फक्त एवढंच होत असेल तर कारण शोधण्यात फार वेळ घालवू नका. प्रमाण जास्त होतंय, इतकाच त्याचा अर्थ.

तिसरा प्रकार खाजेचा. लाली सपाट नसते, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, पापण्या किंवा ओठ सुजतात, नाक चोंदतं, छातीत घरघर होते. यातली घरघर किंवा सूज एकदा जरी झाली असेल, तर पुढच्या घरच्या तपासण्या तुमच्यासाठी नाहीत. थेट "इथे थांबा" हा भाग वाचा.

काहींचे गाल आणि नाक न पिताही लालसरच असतात, प्यायल्यावर फक्त भडकतात.

आणि एक प्रकार लोक हमखास हलक्यात घेतात: इतकी वर्षं काहीच होत नव्हतं, आता अचानक व्हायला लागलं. मला विचाराल तर या सगळ्यांत हाच सर्वात लक्ष देण्यासारखा. जन्मजात कारण इतकी वर्षं गप्प बसून एकाएकी उगवत नाही.

सावळ्या किंवा गडद त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, रंग फक्त आणखी गडद वाटतो. अशा वेळी आरशावर विसंबू नका. कानाच्या पाळीला आणि मानेला हात लावून ऊब पाहा, डोळ्यांचा पांढरा भाग पाहा, नाडी मोजा.

शरीरात नेमकं काय अडतं

मद्य, म्हणजे इथेनॉल, यकृतात दोन पायऱ्यांनी मोडतं. पहिल्या पायरीवर अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम त्याचं ॲसिटाल्डिहाइड करतं. हा पदार्थ विषारी आहे. दुसऱ्या पायरीवर अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज २, थोडक्यात एएलडीएच२, त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. ज्यांच्याकडे हे दुसरं एन्झाइम नीट चालत नाही, त्यांच्यात नळ चालू आणि मोरी तुंबलेली अशी अवस्था होते. ॲसिटाल्डिहाइड साचत जातं, ॲलर्जीतही सुटणारं हिस्टामिन हे रसायन बाहेर पडतं, रक्तवाहिन्या फुलतात, हृदय जोरात पळतं. आरशात दिसतात त्या यातल्या फक्त फुललेल्या रक्तवाहिन्या.

हा दोष जनुकात असतो. १२ व्या गुणसूत्रावरच्या एका अक्षराचा बदल, त्याला आरएस६७१ असं नाव आहे. चीन, जपान, कोरिया, तैवान या पूर्व आशियाई भागात मूळ असलेल्या लोकांत तो खूप आढळतो. तिथल्या सुमारे ३६ टक्के लोकांना पिताना लाली येते, आणि जगभरात हा दोष असलेल्यांची संख्या ५४ कोटींच्या घरात धरली जाते. जगाच्या बाकी बहुतेक भागांत तो विरळ आहे. क्रम लावताना हे फार उपयोगाला येतं. तुमच्या कुळाचं मूळ पूर्व आशियात असेल आणि लाली पहिल्या घोटापासूनची असेल, तर उत्तर जवळजवळ हातात आलं. तसं नसेल तर औषधं, त्वचा आणि ॲलर्जी यांवर जास्त वेळ द्या. "मला ते आशियाई जनुकाचं असणार" असं वाचून ठरवलेलं असतं आणि खरं कारण खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटात निघतं, असं बऱ्याचदा घडतं.

एक अडचण लोकांना कळत नाही: आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष प्रत आली असेल तर निम्मं काम तरी चालायला हवं, मग एवढा त्रास का? कारण हे एन्झाइम चार तुकडे जुळून बनतं. चांगले आणि सदोष तुकडे सारख्याच संख्येने तयार होत असतील, तर चारही चांगले एकत्र येण्याची शक्यता १६ मध्ये १ एवढीच उरते. एक सदोष तुकडाही बाकीच्यांचं काम बिघडवतो. म्हणून एकच प्रत असली तरी क्षमता निम्म्याच्या खूप खाली जाते, आणि दोन्ही प्रती सदोष असतील तर जवळजवळ शून्यावर.

पहिली तपासणी: दोन प्रश्न, फुकट

स्वतःला विचारा: आता एक छोटा ग्लास बिअर प्यायलो तर लगेच चेहरा लाल होतो का? आणि प्यायला सुरुवात केली तेव्हा, पहिल्या एक-दोन वर्षांत, तसं होत होतं का?

साधे दिसतात, पण जपानमध्ये संशोधकांनी नेमके हेच दोन प्रश्न जनुकाच्या चाचणीशी ताडून पाहिले आहेत. दोन्हींपैकी एकालाही "हो" म्हणणाऱ्याला सदोष समजलं, तर मध्यमवयीन जपानी लोकांत सुमारे ९० टक्के वेळा सदोष जनुक पकडलं गेलं. एवढी भरवशाची आणि बिनखर्चाची तपासणी क्वचितच मिळते. लक्षात ठेवा, ती ज्या लोकांत हा दोष मुळात खूप आहे त्यांच्यावर पारखलेली आहे. इतरांमध्ये "हो" आलं तरी पुढच्या तपासण्या सोडू नका.

दुसरा प्रश्न जास्त मोलाचा. नियमित पिणाऱ्यात काही वर्षांनी लाली मंदावते. त्याला वाटतं, सवय झाली, आता पचतं. एन्झाइम मात्र होतं तसंच अर्धवट असतं. आज लाल होत नाही म्हणून दोष नाही, असं मानता येत नाही.

याच बैठकीत घरच्यांना विचारून घ्या. आई, वडील, भावंडं, मामा, आत्या. एखाद्या घोटात लाल होणारे दोन-तीन जण निघाले तर पारडं जनुकाकडे झुकतं. जे पीतच नाहीत त्यांच्याकडून काही कळणार नाही. कदाचित याच त्रासामुळे त्यांनी पिणं सोडलेलं असेल, तेही विचारा.

दुसरी तपासणी: औषधांचा डबा रिकामा करा

लाली नवी असेल तर हीच पहिली तपासणी समजा. गेल्या दोन आठवड्यांत पोटात गेलेलं, टोचलेलं आणि अंगाला लावलेलं सगळं टेबलावर मांडा. मलमंही. लोक मलमाला औषध धरत नाहीत.

डायसल्फिरम हे नाव सगळ्यात आधी शोधा. दारू सोडण्यासाठी दिली जाणारी ही गोळी एएलडीएच२ मुद्दाम बंद पाडते, म्हणजे जन्मजात दोषाची नक्कल करते, तीही अधिक तीव्र. हिचा इतिहास बोलका आहे. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं की रबराच्या कामात याच कुळातल्या रसायनाशी संबंध येणाऱ्या कामगारांना मद्य सोसेनासं होतं. पुढे १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसन जंतांवरचं औषध म्हणून डायसल्फिरम तपासत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं, नंतर थोडं मद्य घेतल्यावर तब्येत बिघडली, आणि त्यावरूनच औषधाचा उपयोग सापडला. गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम १४ दिवसांपर्यंत राहू शकतो.

इथे थोडं थांबून सांगतो. पिणाऱ्याला न सांगता ही गोळी जेवणात मिसळायला मागणारी माणसं येतात. ती थकलेली असतात, हताश असतात, आणि त्यांचं दुःख खरं असतं. पण न सांगता डायसल्फिरम दिलेला माणूस नेहमीसारखा प्यायला तर त्याचा रक्तदाब कोसळू शकतो, हृदयाची लय बिघडू शकते, जीवही जाऊ शकतो. ही गोळी घेणाऱ्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते. एखाद्याला अचानक भयंकर लाली, उलट्या आणि धडधड सुरू झाली आणि घरात कुणी असं काही दिलं असेल, तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरला लगेच सांगा. त्या माहितीवर उपचार ठरतात.

दुसरं नाव मेट्रोनिडाझोल. जुलाब, आमांश, दातांचा संसर्ग यांवर सर्रास दिलं जातं. मद्यासोबत त्याने लाली आणि उलट्या खरंच होतात का यावर अलीकडे मतभेद आहेत, पण औषधाच्या पत्रकातली सूचना स्पष्ट आहे: कोर्स चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस मद्य टाळा. टिनिडाझोललाही तेच लागू. मी पत्रकाच्या बाजूने उभा राहतो. तीन दिवस न पिण्यात कुणाचं काही बिघडत नाही.

बाकीची यादी पटकन: सेफोपेराझोनसारखी काही टोचायची अँटिबायोटिक, बुरशीवरचं ग्रिसिओफुल्विन, मधुमेहाची जुनी गोळी क्लोरप्रोपामाइड. टॅक्रोलिमस आणि पिमेक्रोलिमस ही त्वचेची मलमं लावणाऱ्यांना थोड्या मद्यानेही चेहऱ्यावर भडका उडतो, आणि ते मलमाच्या पत्रकात लिहिलेलं असतं. नायसिन, म्हणजे बी३ जीवनसत्त्व, मोठ्या मात्रेत घेतलं तर न पिताही लाली येते. रक्तदाबाच्या आणि छातीत दुखण्याच्या काही गोळ्या मुळातच रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यात मद्याची भर पडते.

डॉक्टरने दिलेली कुठलीही गोळी या यादीत दिसली म्हणून आपणहून बंद करू नका. बंद करायचं ते मद्य.

याच डब्यासोबत कामाचाही विचार करा. धातू धुण्याच्या ट्रायक्लोरोइथिलीनशी किंवा डायमिथिलफॉर्मामाइड या द्रावकाशी रोज संबंध येणाऱ्यांना मद्यानंतर चेहरा लाल होण्याचा त्रास होतो. असं असेल तर अडचण ग्लासात नाही, कामाच्या जागी हवा खेळती नसण्यात आहे, आणि ती तुमच्या शेजारी काम करणाऱ्यालाही आहे. रानातल्या अळंब्या खाल्ल्या होत्या का, हेही विचारतो. कोप्रिनॉप्सिस ॲट्रामेंटारिया नावाच्या अळंबीतला कोप्रिन हा घटक शरीरात गेल्यावर काही दिवस डायसल्फिरमसारखाच वागतो. एरवी ती अळंबी पचते, मद्य आलं की त्रास सुरू होतो, त्यामुळे संशय अळंबीवर जातच नाही.

तिसरी तपासणी: काय प्यायल्यावर होतं

वहीत किंवा फोनमध्ये आठवून लिहा: कोणतं पेय, किती, किती मिनिटांत काय झालं, पोट रिकामं होतं की भरलेलं. मुद्दाम पिऊन प्रयोग करू नका. झालेल्या वेळा आठवल्या तरी चित्र उभं राहतं.

बिअर, वाइन, व्हिस्की, व्होडका, सगळ्यांनी होत असेल तर कारण इथेनॉल किंवा त्याचं विघटन. महागडी बाटली घेऊन काही बदलणार नाही. फक्त लाल वाइनने होत असेल, नाक चोंदत असेल, डोकं दुखत असेल, तर हिस्टामिनचा संशय घ्या. आंबवलेल्या पेयांत ते असतं आणि पांढऱ्यापेक्षा लाल वाइनमध्ये सहसा जास्त. सल्फाइटला, म्हणजे वाइन टिकवायला घातल्या जाणाऱ्या रसायनाला, लोक लाल वाइनबरोबर जोडतात, पण ते पांढऱ्या आणि गोड वाइनमध्ये सहसा जास्त घातलेलं असतं, आणि त्याचा खरा धोका दमेकऱ्यांना असतो. फक्त बिअरने गांधी उठत असतील तर गहू किंवा बार्लीच्या ॲलर्जीचा विचार करायला हवा, आणि तो ॲलर्जीतज्ज्ञाचा प्रांत आहे.

चौथी तपासणी: न पिता काय होतं

गरम चहाने, उन्हाने, तिखटाने, व्यायामाने, रागाने किंवा लाजेनेही गाल तसेच पेटतात का? गालावर बारीक शिरा दिसतात का, मुरमांसारखे पण काळ्या टोकाविना पुरळ येतात का, डोळे चुरचुरतात का? हे रोझेशियाचं वर्णन आहे. हा त्वचेचा जुनाट आजार आहे आणि मद्य त्याला भडकवणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक. त्वचारोगतज्ज्ञ त्यावर चांगले उपचार करतात. नुसतं पिणं थांबवून तो जात नाही. रजोनिवृत्तीच्या काळातल्या उष्णतेच्या लाटाही मद्याने वाढतात, हे बायका सहसा सांगत नाहीत आणि कुणी विचारतही नाही.

पाचवी तपासणी: दंडावरची पट्टी

आधीच्या तपासण्यांत काही पक्कं झालं नसेल तर ही करा. १९८० च्या दशकापासून जपानमध्ये वापरात असलेली पद्धत आहे. गॉजच्या छोट्या तुकड्यावर ७० टक्के इथेनॉलचे काही थेंब घ्या, दंडाच्या आतल्या बाजूला सात मिनिटं चिकटवा, काढा आणि दहा मिनिटांनी पाहा. तिथे स्पष्ट लाल चौकोन उमटला तर एएलडीएच२ मंद असण्याची शक्यता मोठी. शेजारी पाण्यात भिजवलेली दुसरी पट्टीही लावा. तिथेही लाल झालं तर दोष चिकटपट्टीचा आहे.

बाटलीवर इथेनॉल लिहिलंय ना, ते वाचून घ्या. जखम पुसायचं स्पिरिट बऱ्याचदा आयसोप्रोपिल अल्कोहोलचं असतं. त्याचं शरीरात ॲसिटोन होतं, ॲसिटाल्डिहाइड नाही, त्यामुळे चाचणी निरर्थक ठरते. हात धुण्याचं सुगंधी जेल तर मुळीच नको. इथेनॉल चटकन पेटतं, तेव्हा आसपास ज्योत किंवा सिगरेट नसावी. गडद त्वचेवर निकाल वाचणं अवघड जातं आणि वर्षानुवर्षं पिणाऱ्यांत तो फसवाही येऊ शकतो. म्हणून या पट्टीला मी संकेत मानतो, पुरावा नाही. कधी घरघर, सूज किंवा अंगभर गांधी झाल्या असतील तर ही पट्टी लावूच नका.

सहावी तपासणी: जनुकाची चाचणी

गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर किंवा रक्तावर होते. अहवालात आरएस६७१ समोर दोन अक्षरं येतात. जीजी म्हणजे दोन्ही प्रती चांगल्या, जीए म्हणजे एक सदोष, एए म्हणजे दोन्ही सदोष. बहुतेकांना हिची गरज नसते. पहिल्या तपासणीत स्वच्छ "हो" आलं आणि कुळही जुळलं तर पैसे वाचवा. ज्यांची लाली पूर्वी होती आणि आता मावळली आहे, त्यांनी मात्र ती जरूर करावी, कारण त्यांनाच स्वतःची खात्री पटवायची असते. निकाल जीजी आला म्हणजे सगळं ठीक, असं नाही. बाकीची कारणं तशीच उभी राहतात.

गोळी का देत नाही

लोकांना हवी असते ती ॲलर्जीची गोळी किंवा फॅमोटिडिनसारखी ॲसिडिटीची गोळी. दोन्ही हिस्टामिनचा परिणाम अडवतात, त्यामुळे लाली खरंच कमी दिसते. ॲसिटाल्डिहाइड मात्र तसूभरही कमी होत नाही. उलट अंग बरं वाटतं म्हणून माणूस एक पेगऐवजी चार घेतो. त्यात ॲलर्जीच्या काही गोळ्या गुंगी आणतात, मद्यासोबत दुप्पट. चेहऱ्यावरची लाली उतरवणारी जेलही याच जातीची. सक्रिय कोळशाचाही उपयोग नाही, तो इथेनॉल शोषत नाही.

ॲसिटाल्डिहाइडची एवढी धास्ती का? ते पेशीतल्या डीएनएला चिकटतं आणि त्याची मोडतोड करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये मद्यपानातून येणारं ॲसिटाल्डिहाइड पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकलं. सदोष एन्झाइम घेऊन पिणाऱ्यात अन्ननलिकेच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा धोका, त्याच प्रमाणात पिणाऱ्या इतरांच्या तुलनेत कित्येक पट वाढतो. मोठा धोका एकच सदोष प्रत असलेल्यांना आहे. दोन्ही सदोष असलेल्याला इतका त्रास होतो की तो पीतच नाही. एक प्रतवाला पिऊ शकतो, रेटू शकतो. जपानमध्ये मद्याच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्यांत असे लोक १९७९ मध्ये २.५ टक्के होते, १९९२ मध्ये १३ टक्के. जनुकं बारा-तेरा वर्षांत बदलत नाहीत. बदललं ते भोवतालचं पिणं.

सिगरेटच्या धुरातही ॲसिटाल्डिहाइड असतं. लाल होणाऱ्याने दोन्ही एकत्र करू नयेत, हे मी आवर्जून सांगतो. आणि न पिणाऱ्या माणसाला या जनुकाची एवढी भीती बाळगण्याचं कारण नाही, हेही तितक्याच आवर्जून. "थोडं थोडं घेत सवय कर" हा सल्ला देणाऱ्या मित्राला हे दोन परिच्छेद वाचून दाखवा.

जन्मजात दोषावर आज उपाय एकच आहे: न पिणं. ते जमत नसेल तर जितकं कमी तितकं बरं. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने हे वाचून एका दिवसात सोडू नये. अचानक सोडल्यावर हातापायांची थरथर, झटके, भ्रम येऊ शकतात, आणि तेही जिवावर बेतू शकतं. अशा माणसाने डॉक्टरच्या मदतीने सोडावं.

आत्ता या क्षणी चेहरा पेटलेला असेल तर ग्लास खाली ठेवा, बसा, गळ्याजवळचं बटण सोडा, पाणी प्या. एक-दोन तासांत उतार पडतो. लाली ओसरली म्हणून गाडी चालवू नका, रक्तातलं मद्य अजून तिथेच असतं. लाली आणि नशा यांचं माप एकमेकांशी जुळत नाही. पटकन लाल होणारा नेहमी जास्त चढलेला असतो असंही नाही.

इथे थांबा

पुढचं काही दिसलं तर घरची तपासणी संपली, तातडीची वैद्यकीय मदत बोलवा: श्वास लागणं किंवा घरघर, जीभ-ओठ-घसा सुजणं, छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, उलट्या होत असताना शुद्ध हरपणं, डायसल्फिरम घेतलेल्या माणसाने मद्य घेतलेलं असणं. बेशुद्ध माणसाला कुशीवर झोपवा, तोंडाने काही देऊ नका, एकटं सोडू नका.

तातडी नाही, पण टाळू नका अशी दुसरी यादी आहे. चाळिशी-पन्नाशीत लाली नव्याने सुरू झाली आणि औषधांच्या डब्यात काही सापडलं नाही. न पिताही लालीचे झटके येतात आणि सोबत जुलाब किंवा घरघर होते. हे क्वचित आतड्यातल्या किंवा फुप्फुसातल्या हार्मोन सोडणाऱ्या गाठीमुळे असतं आणि साध्या रक्त-लघवीच्या तपासण्यांनी शोध सुरू होतो. मद्य घेतल्यावर मानेतली किंवा काखेतली गाठ दुखते. हे विरळ आहे, पण हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचं ओळखीचं लक्षण आहे. डोळे पिवळे होतात, तळहात कायम लाल राहतात, छातीवर कोळ्यासारख्या शिरा उमटतात, म्हणजे यकृत तपासायला हवं. घास अडकतो किंवा गिळताना दुखतं, आणि तुम्ही पूर्वी लाल होणारे व आता नियमित पिणारे आहात, तर पोटविकारतज्ज्ञाकडे जाऊन एंडोस्कोपीबद्दल विचारा. लाली पूर्वी होती, हे त्यांना आपणहून सांगा. आयोडीन लावून अन्ननलिका बारकाईने पाहण्याची पद्धत असते आणि सुरुवातीचे डाग तिने लवकर दिसतात.

डॉक्टरकडे जाताना औषधांची यादी, पेय आणि वेळेच्या नोंदी आणि त्या वेळी काढलेला चेहऱ्याचा फोटो न्या. तपासणीच्या खोलीत लाली दिसणार नाही, फोटो दिसेल. हृदयाचा त्रास असेल तर हृदयरोगतज्ज्ञालाही जनुकाचा निकाल दाखवा. छातीत दुखताना जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी शरीरात कामाला लागते ती याच एएलडीएच२ च्या मदतीने, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. सदोष एन्झाइम असणाऱ्यांत तिचा परिणाम कमी पडू शकतो. गोळी मात्र सांगितल्याप्रमाणे जवळ ठेवा. ती बदलायची का, हे त्यांना ठरवू द्या.